आधी बूड बघ, मग चेहरा

पोरी, चिनी मातीची मूर्ती हातात आली की पहिल्यांदा तिचा चेहरा बघू नकोस. चेहरा भुलवण्यासाठीच रंगवलेला असतो. मूर्ती आडवी कर आणि बूड बघ. तळाला रंग नसतो, पुष्कळदा चकाकीही नसते, तिथं माती उघडी असते. मूर्ती कशाची आहे, कशी घडवली, साधारण कधीची असावी, हे सगळं तिथं वाचता येतं. चेहरा मग सावकाश बघ, त्याला वेळ दे, पण तो नंतर.

आडवी करायच्याही आधी उचलायला शीक. एक हात बुडाखाली, दुसरा कमरेला. डोकं, उचललेला हात, मोराची मान, पदराचं टोक यांना धरून कधी उचलायचं नाही, कारण हे भाग वेगळे करून नंतर जोडलेले असतात आणि मूर्ती तुटते ती तिथंच. हातातल्या अंगठ्या-बांगड्या काढून ठेव. खाली गोधडीची घडी असू दे. आणि विकणाऱ्याच्या हातातून थेट आपल्या हातात मूर्ती घेऊ नये. त्यानं खाली ठेवायची, मग आपण उचलायची. मध्येच सुटली तर कोणाच्या हातून सुटली यावर भांडण होतं, आणि मूर्ती जाते ती जातेच.

आता माती. बाजारात पोर्सिलेन म्हणून जे दाखवतात त्यातलं निम्मं पोर्सिलेन नसतं. पीओपीची मूर्ती हलकी असते, टिचकी मारली तर भद्द आवाज येतो आणि बुडाला नख ओढलं की पांढरी भुकटी निघते. रेझिनची मूर्ती फसवते जास्त, कारण तिच्यात दगडाची पूड घालून वजन आणलेलं असतं. ती गालाला लावून बघ. खरी चिनी माती गार लागते, अगदी मे महिन्यातल्या आपल्या पत्र्याच्या खोलीतसुद्धा क्षणभर गार लागते. रेझिन तसं लागत नाही. शिवाय रेझिनच्या बुडाला बहुतेक वेळा मखमलीचा तुकडा चिकटवलेला असतो. त्याचा कोपरा उचलून दाखव म्हणावं. विकणारा नाही म्हणाला तर नमस्कार करून पुढं जायचं.

मग येते साधी पांढरी माती, वर चकाकीचा लेप दिलेली. ही हजार-अकराशे अंश तापमानाला भाजतात. ती सच्छिद्र राहते. बुडाच्या उघड्या कडेला जिभेचं टोक लाव, जीभ चिकटल्यासारखी होईल, कारण माती ओल शोषून घेते. चकाकीत बारीक जाळी पडलेली दिसते आणि टिचकीचा आवाज बसका येतो. अशा मूर्ती वाईट असतात असं मुळीच नाही. इंग्लंडात स्टॅफर्डशरला अशा मातीच्या, मागून सपाट असलेल्या बाहुल्या एकोणिसाव्या शतकात ढिगानं झाल्या. शेकोटीवरच्या फळीवर भिंतीला टेकवून ठेवायच्या, म्हणून पाठ रंगवायचीच नाही, असा त्यांचा हिशोब होता. त्या आवडल्या तर जरूर घे. फक्त पोर्सिलेनच्या भावानं घेऊ नकोस.

खरं पोर्सिलेन तेराशे ते चौदाशे अंशांपर्यंत भाजतात. त्यात केओलिन नावाची पांढरी माती लागते. चीनमध्ये जिंगडेझेनजवळच्या गावलिंग टेकडीवरून ते नाव आलं. भट्टीत ती माती जवळजवळ काचेइतकी घट्ट होते, पाणी पीत नाही आणि पातळ भागातून उजेड पार जातो. मूर्तीचं अंग जाड असतं, म्हणून बॅटरीचा उजेड पदराच्या चुणीवर, बोटांवर किंवा पाकळीवर टाकायचा. अंधाऱ्या खोलीत बुडाच्या छिद्रातून आत उजेड सोडला तर अजून चांगलं. उजेड गार, निळसर पांढरा दिसला तर हे कडक पोर्सिलेन. तो सायीकडे झुकलेला, उबदार दिसला तर बहुधा बोन चायना. त्यात जवळजवळ निम्मी हाडांची राख असते. जोसाया स्पोडनं इंग्लंडात अठराव्या शतकाच्या शेवटी त्याची घडी बसवली. तुझ्या आईला हाडाचं नाव ऐकून बोन चायनाचे कप नको असायचे. तसं कोणाच्या घरात असेल तर मूर्ती भेट देण्याआधी विचारून घ्यावं.

आणि तिसरा प्रकार बिस्क. हे पोर्सिलेनच, पण वर चकाकी न देता तसंच ठेवलेलं. अंड्याच्या कवचासारखा त्याचा स्पर्श असतो. फ्रान्समध्ये अठराव्या शतकाच्या मध्यावर संगमरवराचा भास व्हावा म्हणून हा प्रकार पुढं आला. आपल्याकडच्या जुन्या घरांत ज्या देवादिकांच्या परदेशी मूर्ती सापडतात, त्यांतल्या पुष्कळ याच बिस्कच्या. म्हणून याची ओळख तुला पक्की पाहिजे.

बुडाचं छिद्र आता नीट समजून घे. पातळ केलेली माती प्लास्टरच्या साच्यात ओततात. प्लास्टर पाणी ओढून घेतं, साच्याच्या आतून मातीची साल धरते, उरलेली पातळ माती ओतून टाकतात. म्हणून मूर्ती पोकळ होते. पोकळ वस्तू चारी बाजूंनी बंद असेल तर भट्टीत आतली हवा फुगून ती फुटेल, म्हणून छिद्र ठेवावंच लागतं. कच्च्या मातीत पाडलेल्या छिद्राची कड गोलसर, मऊ असते. कड धारदार असेल, बाजूला टवके गेलेले असतील, तर ते भाजल्यानंतर ड्रिलनं पाडलेलं आहे. पुष्कळदा मूर्तीचा दिवा करायला वायर घालतात, त्यासाठी. छिद्रातून आत बघ. ओतीव मूर्तीत बाहेरचा उंचवटा आतून खोलगट दिसतो. आत बोटांनी दाबल्याच्या खुणा दिसल्या तर माती हातानं साच्यात दाबून बसवलेली आहे. ती पद्धत जुनी.

साच्याचे दोन भाग जिथं मिळतात तिथं शिवण येते. चांगला कारागीर ओल्या स्पंजानं ती पुसून टाकतो. खांद्यापासून घोट्यापर्यंत बोट फिरवलं तर कुठंतरी, बहुधा काखेत किंवा मुकुटाच्या मागं, पुसायची राहिलेली शिवण हाताला लागते. हाताला लागली म्हणून मूर्ती हलकी ठरत नाही. सगळीकडे जाडजूड आणि रंगाखाली झाकलेली असेल तर मात्र काम घाईचं.

अजून एक गोष्ट दुकानात कोणी सांगणार नाही. माती भाजताना आक्रसते, पोर्सिलेन तर साधारण सहाव्या-सातव्या हिश्शानं. म्हणून कोणी तयार जुन्या मूर्तीवरूनच साचा काढून नक्कल केली, तर ती नक्कल मूळ मूर्तीपेक्षा आपोआप लहान होते आणि बोटांच्या फटी, केसांच्या बटा बुजतात. तुझ्या पिशवीत शिंप्याची टेप नेहमी असू दे. एखाद्या मूर्तीची खरी उंची माहीत असेल आणि समोरची बोटभर बुटकी निघाली, तर पुढं बोलायचं काम नाही.

बुडावरचे शिक्के सगळ्यात शेवटी बघायचे. लोक आधी तेच बघतात आणि त्यावरच फसतात. जर्मनीत सॅक्सनीच्या सत्ताधीशानं, ऑगस्टसनं, बॉट्गर नावाच्या किमयागाराला सोनं करायला कोंडून ठेवला होता. त्याच्या आणि चिर्नहाउसच्या प्रयोगांतून युरोपातलं पहिलं कडक पोर्सिलेन निघालं आणि १७१० मध्ये माइसनचा कारखाना सुरू झाला. पुढं १७३१ मध्ये केंडलर हा शिल्पकार तिथं आला आणि पोर्सिलेनच्या मूर्ती ही स्वतंत्र कला झाली. त्या कारखान्याची खूण म्हणजे निळ्या रंगात एकमेकींना छेदणाऱ्या दोन तलवारी. ही खूण चकाकीच्या खाली असते, बोटाला लागत नाही. आणि जगात तिच्याइतकी नक्कल दुसऱ्या कुठल्या खुणेची झाली नसेल. पॅरिसला सॅमसन नावाचं घराणं १८४५ पासून जुन्या पोर्सिलेनच्या हुबेहूब प्रती करायचं. व्हिएन्नाच्या जुन्या कारखान्याची खूण ढालीची. ती उलटी धरली की मधमाशीचं पोळं वाटतं. कारखाना १८६४ मध्ये बंद झाला, पोळ्याचा शिक्का मात्र अजून उमटतोय. मुकुटाखाली ‘एन’ हे अक्षर मूळ नेपल्सचं, पण इटलीत आणि जर्मनीत किती जणांनी वापरलं त्याला गणती नाही. म्हणून मोठ्या कारखान्याची खूण दिसली की आनंद करायचा नाही, उलट माती आणि काम दुप्पट बारकाईनं बघायचं.

देशाचं नाव मात्र खूप उपयोगी पडतं. इंग्लंडात १८८७ मध्ये कायदा झाला, अमेरिकेत १८९१ पासून आयात मालावर देशाचं नाव सक्तीचं झालं. त्यामुळं बुडावर देशाचं नाव इंग्रजीत असेल तर मूर्ती साधारण त्यानंतरची. ‘मेड इन’ हे शब्द बहुतेक विसाव्या शतकातले. ‘निप्पॉन’ असेल तर १९२१ च्या आधीचं जपान, ‘मेड इन जपान’ असेल तर बहुधा नंतरचं, आणि ‘ऑक्युपाइड जपान’ म्हणजे दुसऱ्या महायुद्धानंतर १९५२ पर्यंतची थोडी वर्षं. ‘वेस्ट जर्मनी’ असेल तर १९४९ ते १९९०. डोक्यात एवढे आकडे ठेवले तरी शंभर वर्षं जुन्या म्हणून दाखवलेल्या निम्म्या मूर्ती तिथंच तरुण होतात. रॉयल डोल्टनच्या बायकांच्या मूर्तींवर ‘एचएन’ आणि पुढं आकडा असतो, ती मालिका १९१३ ला सुरू झाली. स्पेनची लाड्रो तर १९५३ ची. हल्ली ते आपले गणपती, राधाकृष्णही करतात, आणि मोठ्या शहरांतल्या शोकेसांत ते दिसतात. हमेल नावाची गुबगुबीत मुलं जर्मनीत १९३५ पासून निघाली, ती एका ख्रिस्ती जोगिणीच्या चित्रांवरून.

आता आपल्या घरातला बासरीवाला कृष्ण घे. परदेशी मूर्तींतला आपल्या लोकांच्या सगळ्यात जवळचा प्रकार हाच आहे, आणि मला वाटतं आपल्या भागात गोळा करण्याजोगाही हाच. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून जर्मनीतल्या कारखान्यांनी खास हिंदुस्थानच्या बाजारासाठी आपले देव घडवले. कृष्ण, राधाकृष्ण, लक्ष्मी, सरस्वती, यशोदेच्या मांडीवरचा बाळ. नमुना म्हणून त्यांच्यापुढं आपल्याकडची छापील चित्रं होती. रविवर्म्याचा छापखाना १८९४ मध्ये मुंबईत सुरू झाला, नंतर लोणावळ्याजवळ मळवलीला गेला, आणि तिथला तंत्रज्ञ श्लायखर हाही जर्मनच. त्या चित्रांनी घराघरांत देवांना एक चेहरा दिला आणि जर्मन साचेकारांनी तोच चेहरा मातीत उतरवला. १९१४ ला युद्ध पेटलं आणि जर्मन माल यायचा थांबला. युद्धानंतर पुन्हा आला, १९३९ ला पुन्हा अडला. मधल्या जागेत जपानी मूर्ती शिरल्या.

कृष्ण गोधडीवर आडवा कर. बुडाला मधोमध छिद्र, कड मऊ. शेजारी मातीत दाबलेला आकडा आहे, शाईनं छापलेला नव्हे. तो साच्याचा क्रमांक. त्याखाली ‘जर्मनी’ एवढंच, अर्धं झिजलेलं. कारखान्याचं नाव नाही. या मूर्तींवर नाव नसणं हेच नेहमीचं आहे, त्यानं बिचकू नकोस. उलट देवाच्या जर्मन मूर्तीवर माइसनच्या तलवारी दिसल्या तर हात आखडता घे. आता चेहरा. भुवई एकाच फटकाऱ्यात काढलेली, सुरुवातीला जाड, शेवटी केसाएवढी. भिंगातून बघितलंस तर कुंचल्याच्या केसांच्या रेघा दिसतात. नव्या मूर्तीत छापील कागद चिकटवून भाजलेला असतो, त्यात भिंगाखाली ठिपकेच ठिपके दिसतात. गालावर गुलाबी छटा आहे ती युरोपातल्या बाहुल्या रंगवणाऱ्या हाताची सवय. कृष्णाच्या गालावर ती आली आणि कोणाला खटकली नाही, हे मला फार गोड वाटतं. धोतराच्या काठावरचं सोनं कुठं झिजलंय बघ, मांडीच्या बाहेरच्या अंगाला, जिथं चार पिढ्यांच्या बायकांनी धरून उचललं तिथं. आतल्या चुणीत ते जसंच्या तसं आहे. झीज अशीच पाहिजे, हात लागतो तिथं जास्त, लागत नाही तिथं शून्य. सगळीकडे सारखी झीज असेल तर ती पॉलिश पेपरची करामत.

बासरीचं पुढचं टोक मूळचं नाही. तुला ते डोळ्यांनी कळणार नाही, पण नोटा तपासायचा जांभळा दिवा मिळतो ना किराणा दुकानदारांकडं, तो अंधारात त्याच्यावर धर. टोक वेगळ्याच रंगानं उजळतं, कारण वरचा रंग आणि गोंद नवा आहे. जुनी मूर्ती घेताना मान, मनगटं, बोटं, मुकुटाची टोकं आणि पायाचा जोड या ठिकाणी हा दिवा फिरवायचा. दिवा नसेल तर नखाची कड हळू ओढायची. मूळ भाग गुळगुळीत जातो, जोडाच्या जागी नख अडतं किंवा रंगाचा थर किंचित मऊ लागतो. टिचकीही मार, हलक्या हातानं, बोटाच्या मागच्या बाजूनं. तडा असेल तर आवाज लगेच मरतो. जोडलेली मूर्ती घेऊ नये असं मी म्हणत नाही. देवाच्या मूर्तीला घरात जोड द्यावाच लागतो. पण ती अखंड म्हणून विकली जाऊ नये, आणि भाव त्याप्रमाणे उतरला पाहिजे.

डोळा तयार व्हायला खरं काम बघावं लागतं, आणि आपण होटगीकर त्या बाबतीत नशीबवान आहोत. जंक्शनचं गाव. सोलापूर गाठलं की मुंबई, पुणे, हैदराबाद तिन्हीकडं गाडी आहे. हैदराबादचं सालारजंग संग्रहालय आधी बघ. तिसऱ्या सालारजंगानं, मीर युसुफ अली खानानं, जन्मभर जमवलेला तो पसारा १९५१ पासून लोकांसाठी खुला आहे. त्यात चिनी, जपानी आणि युरोपीय पोर्सिलेनची दालनं आहेत. शुक्रवारी बंद असतं. म्हणून गुरुवारी जा. सकाळी जुम्मेरात बाजारात एक फेरी मार, काही घेऊ नकोस, फक्त उचलून बूड बघत फीर. मग संग्रहालयात जाऊन काचेआडच्या मूर्ती बघ. एकाच दिवसात वाईट आणि उत्तम दोन्ही डोळ्यांखालून गेलं की फरक मनात बसतो, वाचून बसत नाही. मुंबईला जुन्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये, म्हणजे आताच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात, रतन टाटा आणि दोराब टाटा यांनी दिलेला संग्रह आहे. भायखळ्याच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयात बॉम्बे स्कूल ऑफ आर्टची भांडी आहेत. १८७० च्या दशकात जॉर्ज टेरीच्या देखरेखीखाली तिथं आपल्या मातीवर, आपल्या नक्षीनं काम झालं. चोरबाजार मटन स्ट्रीटवर, पुण्याचा जुना बाजार बुधवारी आणि रविवारी. बाजारात ‘जर्मन आहे का?’ असं विचारायचं नाही. विचारलं की ती जर्मनच होते. ‘ही कुठून आली?’ असं विचार आणि ऐकत राहा.

पण यातल्या कशाच्याही आधी तेरला जा. धाराशिव जिल्ह्यात, तेरणेच्या काठी, आपल्यापासून काही लांब नाही. परदेशी पोर्सिलेनच्या नादात लोक विसरतात की पांढऱ्या मातीच्या बारीक कामाची मूर्ती आपल्या दारात, सातवाहनांच्या काळी, म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वी होत होती. तेर म्हणजे जुनं तगर, ग्रीक खलाशानं लिहिलेल्या पेरिप्लसमध्ये ज्याचं नाव आहे ते. तिथं केओलिनच्या मूर्ती सापडल्या आहेत, पुढचा एक आणि मागचा एक अशा दोन साच्यांत घडवून जोडलेल्या, आतून पोकळ. कानातले जड दागिने, केसांची बांधणी, ओठांची मुडप, सगळं एवढ्याशा चेहऱ्यात. तिथल्या रामलिंगप्पा लामतुरे यांनी शेतात, नदीकाठी, पांढरीच्या, म्हणजे जुन्या वस्तीच्या टेकाडाच्या, मातीत सापडलेल्या वस्तू आयुष्यभर वेचल्या, जपल्या, आणि आज त्यांच्या नावाचं शासकीय संग्रहालय तिथं उभं आहे. त्या चेहऱ्यांपुढं मी नेहमी बराच वेळ उभा राहतो. केओलिन तेच, साचा दोन भागांचा तोच, पोकळी तीच. फक्त तेराशे अंशांची भट्टी आणि चकाकी नव्हती. हे बघून आलीस की जर्मन कृष्णाकडं तू वेगळ्या नजरेनं बघशील.

मात्र तिथल्या किंवा कुठल्याही पांढरीतल्या मूर्ती विकत घ्यायच्या नाहीत. कोणी शेतात सापडली म्हणून रुमालात बांधून दाखवायला आणेल, स्वस्तात देईल. हात लावू नकोस. १९७२ च्या कायद्याप्रमाणं शंभर वर्षांवरची कलावस्तू पुरावस्तू ठरते, आणि भाजलेल्या मातीची जुनी शिल्पं तर नोंदवावीच लागतात. पुरावस्तूंचा व्यापार परवान्याशिवाय करता येत नाही. अशा माणसाला सरळ सांगावं, संग्रहालयात नेऊन दे, तुझं नाव लागेल. कारण मूर्ती जागेवरून उचलली, कुठल्या थरात, कशाशेजारी होती ते कोणी लिहिलं नाही, की तिचं निम्मं बोलणं संपतं.

आता विकत घेतलेली मूर्ती घरी आणल्यावरचं. आपल्याकडं तीन वैरी, धूळ, जड पाणी आणि गाडी. धूळ कपड्यानं पुसायची नाही, कपडा बोटांत अडकतो. रंगाचा मऊ, रुंद, न वापरलेला ब्रश घे आणि वरून खाली झटक. धुवायचीच झाली तर बोअरचं पाणी नको, क्षाराचे पांढरे डाग बसतात. बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर आण, पण ॲसिडचा कॅन नव्हे, बाटली वाचून घे. प्लास्टिकच्या टबात खाली टॉवेल अंथर, दोन थेंब सौम्य साबण, आणि मूर्ती बुडवून ठेवू नकोस, छिद्रातून आत पाणी शिरलं की दिवसेंदिवस निघत नाही. जुना जोड असेल तर पाण्यात घालूच नको. चिंच, पितांबरी, ब्लीच, रिठा, काही नको. बारीक डागाला कापसाचा बोळा आपल्याच थुंकीनं ओला करून फिरवावा. हसू नकोस, संग्रहालयातले तज्ज्ञसुद्धा हे करतात.

गौरीपुढच्या आरासीत मूर्ती मांडायच्या असतात, त्याला माझी ना नाही. त्या त्यासाठीच घरात आल्या. पण बिस्कच्या मूर्तीला हळदीकुंकू थेट लावू नये, खरखरीत पृष्ठभागात ते बसून राहतं. समोर पानावर वाहावं. हळदीचा डाग पडलाच तर घासू नको, चार दिवस सकाळच्या उन्हात ठेव. हळदीचा रंग उन्हानं उडतो आणि भट्टीत भाजलेल्या रंगाला ऊन काही करत नाही. कुंकवाचं तसं नाही, ते जात नाही. समईपासून हातभर लांब मांडावी, काजळी बिस्कवर धरते.

गाडीचं म्हणशील तर रूळ जवळ असलेल्या घरात मालगाडी गेली की फळी थरथरते आणि मूर्ती रोज किंचित सरकत कडेला येते. रोज बघणाऱ्याला कळत नाही. बुडाच्या कडेला तीन ठिकाणी मधमाशीच्या मेणाची ज्वारीच्या दाण्याएवढी गोळी दाबून बसव. मे महिन्यात मेण मऊ पडतं, जून लागला की पुन्हा दाबून घे. काढताना वर खेचायची नाही, थोडी फिरवून सोडवायची. कपाटाच्या काचेला आतून उन्हाची तिरीप येत असेल तर जोडलेल्या मूर्ती मागच्या फळीवर, कारण भट्टीचा रंग उन्हानं बिघडत नाही पण जोडाचा गोंद पिवळा पडतो.

फुटली तर लगेच गोंद शोधायला धावू नको. सगळे तुकडे, कपचेसुद्धा, गोळा कर आणि प्रत्येक वेगळ्या मऊ कागदात गुंडाळ. तुकडा तुकड्याला लावून बघायचा मोह होतो, तो आवर. कडा घासल्या की पुन्हा नेमक्या बसत नाहीत. घरगुती झटपट गोंद लावला की पुढं जाणत्या माणसालाही तो सोडवणं जड जातं. ते लोक असा गोंद वापरतात जो नंतर ॲसिटोननं विरघळतो, चूक झाली तर सोडवता येतो. नेहमीची दुहेरी नळीची इपॉक्सी घट्ट बसते खरी, पण वर्षांनी पिवळी होते आणि जोडाची रेघ लांबून दिसते.

पाठवायची वेळ आली तर बांधणं मी तुला शिकवीन. होटगीला मीटरगेज होतं तेव्हा इकडच्या वाघिणीतला माल तिकडच्या वाघिणीत हमाल चढवायचे, आणि कुठली पेटी फुटणार हे पेटी हलवूनच कळायचं. आतून आवाज आला की फुटणार. मूर्तीचे बाहेर आलेले भाग आधी मऊ कागदानं भरून काढायचे, हाताच्या आणि अंगाच्या मधली पोकळी आधी, म्हणजे सगळा एकच गोळा होईल. मग कापूस, मग एक खोका. तो खोका दुसऱ्या मोठ्या खोक्यात, चारी बाजूंनी हाताच्या चार बोटांएवढी जागा ठेवून, आणि ती जागा ठासून भरायची. हलवून बघ, खोका मुका राहिला पाहिजे.

वही ठेव. मूर्तीची उंची, बुडावरचा आकडा जसाच्या तसा, छिद्राचं माप, कुठं जोड आहे, कोणाकडून आली, किती दिले. आणि कोणाच्या घरातून आली असेल तर त्या घरात ती कुठं मांडायचे, कोणी आणली होती, तेही त्यांच्या तोंडून लिहून घे. विकणाऱ्या घरातली म्हातारी माणसं हे सांगायला आतुर असतात, आणि त्यांच्या मागं ते सांगणारं कोणी उरत नाही. मूर्तीवर पेनानं, चिकटपट्टीनं काही लिहू नको. चिकटपट्टी निघताना सोनं घेऊन निघते. नंबर कागदावर लिहून तो छिद्रातून दोऱ्यानं आत सोडावा.

परदेशातला तुझा भाऊ आपला कृष्ण तिकडं न्यायचा म्हणतोय. मूर्ती शंभर वर्षांची झाली असेल तर ती देशाबाहेर नेता येत नाही, जर्मनीत घडली असली तरी. वय तेवढं नाही असं वाटत असेल तर पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून पुरावस्तू नसल्याचा दाखला काढावा लागतो, फोटो, मापं, सगळं लावून. बुडावर नुसतं ‘जर्मनी’ आहे, ‘वेस्ट’ नाही, आणि सोनं असं झिजलंय. माझ्या अंदाजानं दाखला मिळायचा नाही. त्याला सांग, कृष्ण इथंच राहील. त्याला हवं असेल तर तिकडच्या बाजारात फिरून बूड बघायला शिकव त्याला.